व्हिडिओच्या आधी प्रश्न काढा

फ्लिप्ड क्लासरूम, म्हणजे धडा घरी व्हिडिओवर आणि वर्गात प्रश्न-चर्चा, करून बघायचं म्हटलं की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "मॅडम, माइक कुठला घेऊ?" माइकचं नंतर बघू. पोरं व्हिडिओ बघून वर्गात आली, तर त्या ४८ मिनिटांत त्यांच्याकडून काय करून घेणार, ते आधी सांगा. ते ठरलं नसेल तर खुशाल फळ्यावर शिकवा, त्यात काही कमीपणा नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात एफ.वाय., एस.वाय.ला केमिस्ट्री शिकवते. या पद्धतीचा बोलबाला ज्यांच्यामुळे झाला ते जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्सही केमिस्ट्रीचेच शिक्षक. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शाळेत २००७च्या सुमारास त्यांनी गैरहजर मुलांसाठी धडे रेकॉर्ड करायला घेतले. आमच्याकडे गैरहजेरीला काय तोटा? पेरणी, लग्नसराई, चुकलेली एसटी. पण केवळ बुडालेला तास भरून काढायला एवढा खटाटोप करू नका. खरा फायदा वर्गात जो वेळ मोकळा होतो त्याचा.

म्हणून सुरुवात प्रश्नापासून. व्हेपर प्रेशरच्या (द्रवाच्या वाफेच्या दाबाच्या) तासाला मी हा घेते: पाणी खळखळून उकळतंय, बुडबुड्यांत काय आहे? अ) हवा, ब) हायड्रोजन आणि ऑक्सिजन, क) पाण्याची वाफ, ड) नुसती उष्णता. मिनिटभर कुणी बोलायचं नाही. मग एक ते चार बोटं छातीशी धरून दाखवायची, म्हणजे शेजारच्याची बघून बदलता येत नाहीत. क्लिकर-बिकर (उत्तराचं बटण दाबायचा रिमोट) काही लागत नाही.

पुढचा हिशेब हार्वर्डच्या एरिक माझूर यांचा. ते फिजिक्सच्या वर्गात १९९१पासून असं शिकवत आले. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असतील तर विषय पुन्हा समजावा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर दोन वाक्यांत आटपून पुढे चला. मधे असतील तर उत्तर सांगू नका. ज्याची बोटं वेगळी त्याच्याशी वाद घाला म्हणावं, आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा बोटं मागा.

बुडबुड्यांच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर 'क', पण 'ब'वर बरीच बोटं जातात, कारण पाण्याचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. अशा वेळी बाकांमधून फिरत कान देऊन ऐकावं. "अगं, हायड्रोजन असता तर गॅसवर पेटला नसता का?" असं एखादी म्हणते आणि शेजारीण गप्प होते. हे मी फळ्यावर सांगितलं असतं तर वहीत उतरलं असतं आणि तिथेच राहिलं असतं. 'अ'वाल्यांना झटकून टाकू नका. पाणी तापायला लागतं तेव्हाचे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचेच असतात, "कुठल्या वेळचे बुडबुडे?" एवढं विचारा. मग महाबळेश्वरला पाणी शंभराच्या आधीच, ९५ अंशांच्या आसपास का उकळतं, ते व्हेपर प्रेशरच्या आलेखावरून काढायला लावा. तास कधी संपतो कळत नाही.

प्रश्न हातात आला की व्हिडिओत काय हवं ते आपोआप ठरतं: व्याख्या, आलेख कसा वाचायचा, एक सोडवलेलं उदाहरण. बास. एका व्हिडिओत एकच मुद्दा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१४ साली आला. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. हाताने लिहीत-काढत समजावलेलं नुसत्या स्लाइडपेक्षा जास्त बघितलं जात होतं. तेव्हा मागच्या बाकावर मोबाइल लावून आख्खा तास चित्रित करण्यात अर्थ नाही.

मी पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर पट्टी ठेवून मोबाइल खाली तोंड करून ठेवते, खाली कोरा कागद आणि जाड स्केचपेन. वायरच्या इअरफोनचा माइक पदराला पिन करते आणि पंखा बंद. घाम येतो, पण आवाज स्वच्छ येतो. समजावणं मराठीत, संज्ञा पेपरात येतात तशाच. मधे एकदा तरी "इथे थांबवा, आलेख वहीत काढा" म्हणा. "काल सांगितलं तसं" किंवा "गणपतीच्या सुट्टीनंतर" असं काही बोलू नका, नाहीतर पुढच्या वर्षी सगळं पुन्हा रेकॉर्ड करावं लागेल.

फाइल ४८०पी रिझोल्यूशनवर ठेवा, म्हणजे हलकी राहते. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकाच, शिवाय लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर एक प्रत आणि लॅब असिस्टंटकडे एक पेन ड्राइव्ह असू द्या. वाडीवर रेंज नसते, आणि घरात एकच फोन असेल तर तो आधी भावाच्या हातात जातो.

एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीवाल्यांची मोफत व्हिडिओ लेक्चर्स, २००३पासून आहे, मग तेच का देऊ नये? टी.वाय.ला जरूर द्या, पण कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत ते लिहून द्या. एफ.वाय.च्या पोराला तासाभराचं इंग्रजी लेक्चर पाठवलंत तर तो ते उघडणारही नाही.

बघून आल्याचा पुरावा म्हणून वहीत अर्धं पान आणि एक शंका. न बघता आलेल्यांनी मागच्या बाकावर इअरफोन लावून तिथेच बघायचं आणि मग गटात यायचं. त्यांच्यासाठी "बरं, थोडक्यात परत सांगते" म्हणालात की संपलं. पुढच्या तासाला कुणीच बघून येणार नाही.

सगळा पोर्शन असा करायला जाऊ नका. सेमिस्टरला चार-पाच विषय पुरेत, दरवर्षी जिथे गाडी अडते ते. डेरिव्हेशन रेकॉर्ड करायला उत्तम, पोरं मागे नेऊन नेऊन बघतात. ऑरगॅनिकच्या मेकॅनिझम (रिॲक्शनमध्ये इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाणांनी दाखवायचं) मात्र मी फळ्यावरच घेते, बाणाचं टोक कुठे जातं ते समोरासमोरच पटतं.

आणि तक्रार येणारच: "मॅडम शिकवत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात." ती प्राचार्यांकडे जाण्याआधी त्यांनाच एका तासाला बोलवा, मागे बसवा, आणि बुडबुड्यांच्या प्रश्नाला त्यांनाही बोटं दाखवायला लावा.