नाट्यशिबिर घ्यायचंय? 'नाटक कुठलं?' हा प्रश्न शेवटी ठेवा

परीक्षा संपल्या की गावोगावी नाट्यशिबिरांचे फलक लागतात. बहुतेक ठिकाणी तयारीची सुरुवात होते ती 'यंदा नाटक कुठलं बसवायचं?' या प्रश्नाने. माझं म्हणणं असं की तो प्रश्न यादीत सगळ्यात खाली टाका. आठ ते बारा वर्षांची वीस-बावीस मुलं, दहा दिवस आणि रोज दोन तास, एवढं धरून मी ही यादी लिहिते आहे. एवढ्या वेळात संहिता पाठ करून घ्यायला गेलं तर चार धीट मुलं बोलतात आणि बाकीची झाडं, ढग, सैनिक होऊन मागे उभी राहतात. तेच दहा दिवस खेळांना दिले तर प्रत्येक मूल रोज बोलतं, हलतं, दुसऱ्याचं ऐकतं, आणि शेवटच्या दिवशी दाखवण्यासारखं काहीतरी त्यातूनच निघतं. पण खेळ घ्यायचे म्हणजे तयारी कमी लागते, असं अजिबात नाही. उलट जास्तच लागते.

पहिल्यांदा जागा बघून या, आणि ज्या वेळेला शिबिर आहे त्याच वेळेला जा. सकाळी आठला गार वाटणारा पत्र्याचा हॉल मे महिन्यात साडेदहाला बसू देत नाही, म्हणून आठ ते दहा हीच वेळ धरलेली बरी. बाकं सारल्यावर सगळी मुलं हात पसरून उभी राहिली तरी एकमेकांना लागणार नाहीत एवढी मोकळी फरशी हवी. त्या फरशीवर स्वतः अनवाणी चालून बघा. खिळा, फुटक्या टाइलचा कोपरा, कुठेतरी झिरपणारं पाणी हे सगळं पायालाच कळतं. मुलांनीही अनवाणीच खेळायचं, मोजे घालून तर कुणीच नाही. मध्ये खांब असले तर जुन्या सतरंज्या गुंडाळून सुतळीने बांधून घ्या. पंखे चालू ठेवून एका टोकाला उभं राहून साधं वाक्य बोला आणि दुसऱ्या टोकाला कुणाला तरी ऐकायला सांगा. हॉल घुमत असेल तर आवाजाचे खेळ व्हरांड्यात घ्यावे लागतील, हे आधीच माहीत असलेलं बरं. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, आणि किल्ली कुणाकडे असते, एवढं विचारून निघा.

माणसं दोन तरी हवीत. एकाने खेळ घ्यायचा आणि दुसऱ्याने बघायचं. दुसरी व्यक्ती रिकामी नसते. बाथरूमला जाणारं मूल, रुसून कोपऱ्यात बसलेलं मूल, लागलेला गुडघा हे सगळं तिच्याकडे असतं, आणि एक वही तिच्या हातात असते. त्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान. आज त्याने काय केलं जे काल केलं नव्हतं, एवढंच लिहायचं. शेवटच्या दिवशी ही वही फार उपयोगी पडते.

पालकांचा फॉर्म एका पानाचा पुरतो. दोन फोन नंबर, मुलाला न्यायला कोण येणार, दमा, फिट, ॲलर्जी, अलीकडे हात-पाय मोडला होता का, आणि फोटो काढलेले चालतील का. त्यात एक रकाना मी आवर्जून ठेवते: मूल कशाला घाबरतं? अंधार, मोठा आवाज, डोळ्यांवर बांधलेली पट्टी, अंगाला झालेला स्पर्श. नाटकाच्या खेळांत या चारही गोष्टी येतात. आंधळी कोशिंबीर कुणासाठी मजेची असेल, कुणासाठी नसेल, हे त्या दिवशी हॉलमध्ये कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं.

सामान थोडंच, पण विचार करून आणा. डफ किंवा खंजिरी हवी. शिट्टी नको, शिट्टी ऐकली की मुलं पीटीच्या तासासारखी रांगेत उभी राहतात. एकरंगी चार-पाच ओढण्या, एक जुनी नऊवारी (ती नदी होते, छप्पर होते, पडदाही होते), जुनी वर्तमानपत्रं, खडू, वेताची टोपली, मोठी छत्री आणि एक रिकामी खुर्ची. प्रथमोपचाराची पेटी. तयार मुखवटे, भाड्याचे पोशाख आणि तोंडाला लावायचे रंग घरीच राहू द्या. वाघाचा मुखवटा हातात आला की मूल वाघ व्हायचं थांबतं, मुखवटा दाखवत फिरतं.

आता खेळांची वही. प्रत्येक खेळापुढे तीन गोष्टी लिहून ठेवा: हा कशासाठी घेतोय, पहिली सूचना नेमक्या कोणत्या शब्दांत देणार, आणि थांबवायचा कधी. 'कशासाठी' लिहिता आलं नाही तर तो खेळ त्या दिवशी घेऊ नका. मुलांना आधीच येणारे खेळ भरपूर वापरा. 'शिवाजी म्हणतो' ऐकायला शिकवतो, 'स्टॅच्यू' शरीर स्थिर ठेवायला, 'मामाचं पत्र हरवलं' पाठीमागे काय चाललंय याचं भान द्यायला. फक्त एक बदल सगळ्यांत करा. बाद करणं काढून टाका. अंगणातल्या खेळात जो पहिला बाद होतो त्यालाच त्या सरावाची सगळ्यात जास्त गरज असते, आणि तोच भिंतीला टेकून बसतो. चुकला त्याने पुढच्या फेरीला डफ वाजवायचा किंवा सूचना द्यायच्या, असं ठरवा. चुकण्याची भीती गेली की मुलं हळूहळू धाडसाने खेळायला लागतात.

पहिले दोन दिवस नाव, जागा आणि थांबणं एवढ्यावरच काढा. वर्तुळात प्रत्येकाने आपलं नाव एका हालचालीसह सांगायचं आणि सगळ्यांनी ते तसंच्या तसं परत करायचं. मग हॉलभर चालणं. डफाच्या ठेक्यावर, फरशीचा एकही कोपरा रिकामा राहणार नाही असं, कुणाला धक्का न लावता. डफ थांबला की थांबायचं. हे मोठ्यांना कंटाळवाणं वाटतं, म्हणून बरेच शिक्षक घाईने पुढे जातात. जाऊ नका. रंगमंचावर सगळी मुलं एका कोपऱ्यात का गोळा होतात, याचं उत्तर या चालण्यात आहे.

तिसऱ्या दिवशी आरसा. मुलं जोडीने समोरासमोर उभी राहतात, एक जण हालचाल करतो आणि दुसरा त्याचा आरसा होतो. पहिली दोन मिनिटं मुलं भराभर हात हलवून जोडीदाराला चुकवायला बघतात. तेव्हा ओरडू नका, खेळ थांबवूही नका. चालू खेळातच शांतपणे सांगा, 'बाहेरून बघणाऱ्याला कळता कामा नये, खरा कोण आणि आरसा कोण.' त्या एका वाक्याने वेग निम्म्यावर येतो, नजरा हातांवरून डोळ्यांकडे जातात. मग अदलाबदल. आणि शेवटी दोघांतलं कुणीच पुढे नाही, दोघंही एकमेकांच्या मागे. असं अर्धं मिनिट जरी जमलं तरी दोन नटांमध्ये काय लागतं ते मुलांना अंगातून समजलेलं असतं.

चालू खेळात बाजूने सूचना द्यायची ही रीत आणि असे कितीतरी खेळ व्हायोला स्पोलिन या अमेरिकन नाट्यशिक्षिकेकडून आले आहेत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत त्या अशा मुलांबरोबर काम करत होत्या, ज्यांच्या घरच्या भाषा आणि चालीरीती एकमेकांपेक्षा वेगळ्या होत्या. समजावून सांगण्यापेक्षा खेळातून शिकवणं तिथे जास्त चाललं. १९६३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि हे खेळ जगभर गेले. आपल्या शाळांतही आज बांधकामावरच्या, वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं असतात. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या बंजाऱ्यांची गोरमाटी. अशा वर्गात आरसा आणि ओढणी हे पहिले खेळ ठेवा, कारण त्यांना शब्द लागत नाहीत.

ओढणीचा खेळ असा. वर्तुळातून ओढणी फिरते. ज्याच्या हातात येईल त्याने ती ओढणी सोडून दुसरं काहीतरी करून दाखवायची, न बोलता. पहिल्या फेरीत फेटा, दोरी, साप, पदर हे सगळं येऊन जातं. दुसऱ्या फेरीत मुलं अडतात, डोकं खाजवतात, 'आता काही उरलंच नाही' म्हणतात. तिसरी फेरी घ्याच. आता कुणीतरी ओढणीची गोल घडी करतं, दोन्ही तळव्यांवर तोलतं, या हातातून त्या हातात टाकतं, फुंकर घालतं आणि काठाचा एक तुकडा मोडतं. सगळ्या वर्तुळाला गरम भाकरी दिसते. टाळ्या वाजवायच्या नाहीत, पुढच्याकडे ओढणी द्यायची. कौतुक केलं की पुढची पाच मुलं भाकरीच करतात.

आवाजासाठी 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' किंवा 'कच्चा पापड पक्का पापड' घ्या. आधी नुसते ओठ हलवून, मग कुजबुजून, मग पूर्ण आवाजात. 'मोठ्याने बोल' ही सूचना निरुपयोगी आहे, मूल ओरडतं आणि घसा बसतो. 'मागच्या भिंतीवरच्या घड्याळाला सांग' म्हणा, आवाज आपोआप तिथवर जातो. संवादाची लाज घालवायला अगम्य भाषेचा खेळ उत्तम. एक जण कुठल्यातरी नसलेल्या भाषेत भाषण ठोकतो आणि शेजारी उभा दुभाषी ते मराठीत सांगतो. घरी एक अक्षर न बोलणारी मुलंसुद्धा दुभाषी होऊन बोलतात, कारण शब्द त्यांचे असले तरी म्हणणं दुसऱ्याचं असतं.

मध्यावर आलात की गोष्ट आणा, तीही सगळ्यांना येणारी. मी चिऊ-काऊची घेते. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं, पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, आणि तो दारात येऊन 'चिऊताई चिऊताई, दार उघड' म्हणतो. आधी मुलांनी अंगानेच दोन घरं करायची. मेणाचं घर कसं उभं राहील, शेणाचं कसं ढासळेल, दार कुणाच्या हातांचं, कडी कुठे, पाऊस किती जणांचा. नऊवारी इथे पाण्याचा लोंढा होते. एवढ्यात एक तास सहज जातो.

दुसऱ्या दिवशी खुर्ची मध्ये ठेवा आणि तुम्ही चिऊताई व्हा. नियम आधी सांगा: ओढणी डोक्यावर असेपर्यंत मी चिऊ, काढली की तुमची बाई. इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट या नाट्यशिक्षिकेने शिक्षकाने स्वतःच भूमिकेत शिरून शिकवायची पद्धत रुजवली, ती हीच. मुलं प्रश्न विचारतात. 'तुझ्या बाळाची अंघोळ एवढा वेळ चालते?' 'काऊने तुला आधी कधी त्रास दिला होता का?' 'तू घाबरलीस की तुला राग आला होता?' उत्तरं पाठ करून जाऊ नका, पण ही चिऊ कशाला भिते एवढं आदल्या दिवशी ठरवून ठेवा. नाहीतर प्रत्येक उत्तरात ती वेगळीच होते आणि मुलांच्या ते लगेच लक्षात येतं. मग मुलांच्या दोन रांगा करा. मधून चिऊ झालेलं मूल हळू चालत दारापर्यंत जाईल. एका रांगेने तिला 'उघड' का ते सांगायचं, दुसरीने 'नको' का ते. दारापाशी पोचल्यावर ती काय करेल हे तिचं तिने ठरवायचं. गोष्टीत पुढे काय होतं ते घरोघरी वेगळं सांगतात, म्हणून कुठलाही शेवट चुकीचा ठरत नाही. तुम्हाला हवा तो शेवट मात्र लादू नका.

इथे बालनाट्याबद्दल दोन शब्द. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत लिटल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं, आणि मुलांसाठी सजून-धजून, जिवापाड मेहनतीने नाटक करायची वाट मराठीत रुळली. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स या मुलांसाठी नाटकं करणाऱ्या संस्थेची पद्धत पुण्यात आणली. त्यात मोठे नट मुलांच्या भूमिका करतात आणि विषय घरातले, शाळेतले असतात. शिबिराच्या सुमारास जवळच्या नाट्यगृहात एखादं बालनाट्य असेल तर मुलांना जरूर घेऊन जा. पण ते मुलांसाठी केलेलं नाटक आहे. शिबिरातलं काम मुलांनी स्वतः करून बघण्याचं आहे, तेव्हा त्याची छोटी नक्कल शेवटच्या दिवशी उभी करायचा आग्रह धरू नका. राज्य बालनाट्य स्पर्धेत उतरायचं असेल तर त्यासाठी वेगळे महिने काढा.

'आमच्या मुलाला मोठी भूमिका आहे का?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर पहिल्या दिवशीच्या पालकसभेत द्या: संहिता नाही, भूमिका वाटलेल्या नाहीत, शेवटी अर्धा तास तुम्ही वर्ग बघायला यायचं. खुर्च्या तीन बाजूंनी मांडा, माइक नको, फोटो कुणी एकानेच काढायचे. चालण्यापासून सुरू करा, मग आरसा, मग ओढणी. ओढणीची एक फेरी पालकांना द्या, म्हणजे मुलांनी काय केलंय ते त्यांना कळेल. शेवटी चिऊ-काऊ, त्या दिवशी जो शेवट होईल तो.

त्याच्या आदल्या रात्री दुसऱ्या व्यक्तीची वही बसून वाचा. मुलाला न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या पानावरचं एक वाक्य सांगायचं आहे. 'छान करतो हं तुमचा' असं नको. 'चौथ्या दिवसापासून तो दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायला लागला', किंवा 'ती आता हॉलच्या मधोमध उभी राहते, भिंत धरत नाही', असं काहीतरी. एखाद्या मुलाचं पान कोरं दिसलं तर त्या शेवटच्या सकाळी पहिल्या खेळापासून त्याच्याकडेच बघा.