मृगाआधी मातीच्या बांधाची तयारी

द्राक्षांची खरड छाटणी उरकली की रोहिणी लागेपर्यंत नाशिककडच्या बागायतदाराला जरा उसंत मिळते. शिवारातल्या ओढ्यावर मातीचा बांध घालून ज्यांनी स्वतःचं तळं केलंय, त्यांनी यातले तीन-चार दिवस बांधासाठी राखून ठेवावेत. तळं तळाला गेलेलं असतं, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारा उतारही आत्ता उघडा सापडतो. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक धरणांसाठी आहे. आपला चार-पाच मीटरचा बांध त्यात बसत नाही. तेव्हा तपासायला कोणी साहेब येईल अशी वाट बघू नका.

सगळ्यात आधी सांडवा, म्हणजे तळ्यातलं जादा पाणी बाहेर जायची वाट, बघा. बांध बघायला निघालेला माणूस सहसा माथ्यावरून फेरी मारतो आणि पाणी किती साठेल याचा हिशेब करत परततो. सांडव्याकडे पाय वळतच नाहीत. पण मातीच्या बांधावरून एकदा पाणी वाहायला लागलं की खालच्या उताराची माती सुटत जाते आणि बघता बघता खिंडार पडतं. सांडव्यातली घाणेरी, बेशरम, वाहून आलेला पाला, ढासळलेली दरड काढून तो मूळ रुंदीला आणा. सांडव्याचं पाणी बांधाच्या पायथ्याशी न घासता लांबून ओढ्यात जातंय ना, हेही पाहा. सांडव्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे जिथून पाणी बाहेर पडायला लागतं त्या कडेवर, वाळूची पोती रचून हातभर जास्त पाणी अडवायची सवय काहींना असते. मला विचाराल तर बांधाला घुशीपेक्षा या पोत्यांचा धोका मोठा. पोती ठेवलेली असतील तर आजच उचला.

मग माथा. सांडव्याच्या उंबरठ्यापासून बांधाचा माथा सगळीकडे किमान मीटरभर वर हवा. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून हे मोजता येतं, नुसत्या नजरेवर जाऊ नका. जिथून ट्रॅक्टर किंवा गुरं ये-जा करतात तिथे माथा हमखास दबलेला असतो, आणि चढलेलं पाणी तिथूनच वाट काढतं. तो दबलेला भाग भरताना गवत खरवडा, जुनी माती ओली करून उकरा, नवी माती ओलसर असतानाच वीतभराहून कमी जाडीच्या थरांनी टाकून प्रत्येक थर दाबा. ट्रॉली रिकामी करून वरून टायर फिरवणं म्हणजे दाबणं नव्हे.

सिन्नर, येवला, चांदवडकडे आणखी एक दुखणं. तळं महिनोन्महिने कोरडं राहतं, काळी माती तडकते, आणि एखाद्या मोठ्या वळवाने तळं एका रात्रीत भरलं तर पाणी थेट भेगांत शिरतं. माथ्याच्या लांबीने जाणाऱ्या बारीक भेगा उकरून, ओली माती ठासून, वर मुरमाचा थर द्या. बांधाला आडवी गेलेली, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पोचणारी भेग मात्र स्वतः बुजवत बसू नका. जाणकार अभियंत्याला दाखवल्याशिवाय त्या बांधात पाणी अडवायचं नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात भेगा कमी, पण पाऊस आठवडाभर हटत नाही. तिथे सांडव्याची रुंदी आणि खालच्या उताराचा ओलावा यांवर जास्त नजर हवी.

उंदीर, घुशी, खेकडे यांची बिळं शेवटपर्यंत उकरून थराथराने भरा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी त्याआधीच केलेली होती. बिळं बुजवावीतच, पण गळती दिसत असताना खेकड्यांची गोष्ट सांगत बसू नये. बांधावर सुबाभूळ, बाभूळ, लिंब उगवला असेल तर रोप असतानाच मुळासकट काढा. मोठं झाड तोडलं तर आतली मुळं कुजून पाण्याला वाट मिळते, म्हणून त्याचा निर्णय सल्ल्यानेच घ्यावा. हरळी किंवा वाळा खुशाल वाढू द्या, माती धरून ठेवतात. पाण्याकडच्या बाजूचे निसटलेले दगड परत बसवून घ्या.

बांधातून पाइप नेलेला असेल तर झडप पूर्ण उघडून बंद करून बघा, आणि पाइप बाहेर पडतो तिथली माती हाताने चाचपा, कारण पाणी पाइपाच्या अंगाअंगाने वाट काढतं. पायथ्याला पाझर असतोच. तो स्वच्छ आणि दरवेळी तेवढाच असेल तर जागेवर खुंटी ठोकून बादली भरायला लागणारा वेळ वहीत लिहून ठेवा. पाझर वाढला किंवा गढूळ झाला, म्हणजे आतली माती बाहेर येतेय. अशा तोंडावर चिखल थापू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आधी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर दगड असा थर दिला की पाणी जातं आणि माती अडते. त्याचबरोबर तळ्यातली पातळी उतरवायला घ्या, पण बेताने. पाणी झपाट्याने ओसरलं तर आतला ओला उतार घसरतो.

गाळ काढायला जेसीबी आणणार असाल तर बांधाच्या पायथ्यापासून लांबच खोदायला सांगा.

बांधाखाली ओढ्याकाठी कोणाची वस्ती, कांदाचाळ, गोठा, मेंढपाळाचा वाडा आहे ते चालत जाऊन पाहा आणि फोन नंबर घ्या. पोलीस पाटील आणि तलाठी यांचे नंबर, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ११२ हे सगळे पंपघराच्या दारावर रंगाने लिहा, कारण त्या रात्री तुमचा मोबाइल कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही. रिकामी पोती, वाळू आणि खडीचा ढीग, दोन फावडी, बॅटऱ्या पावसाआधीच बांधाजवळ उंचावर आणून ठेवा. मोठ्या पावसात फेरी मारताना दोघांनी जावं, आणि गाडी बांधाच्या खालच्या अंगाला उभी करू नये.