जुना पियानो: वय कसे ओळखावे, किंमत कशी ठरवावी
‘शंभर वर्षांचा आहे’ असे विकणारा कौतुकाने सांगू लागला, की भाव चढवू नका, उतरवा. व्हायोलिन जुने होऊन मुरते, पियानो बहुधा झिजतो. त्याच्या सुमारे 230 तारांचा मिळून पंधरा-वीस टनांचा ताण ओतीव लोखंडी चौकट आणि लाकूड रात्रंदिवस सोसत असतात.

आधी वय पाहू. उभ्या पियानोचे वरचे झाकण उघडा आणि टॉर्च घेऊन आत पाहा. लोखंडी चौकटीवर, ट्यूनिंग पिनांच्या (तारा ताणून सुरात आणणाऱ्या खुंट्यांच्या) आसपास अनुक्रमांक सापडतो. नाहीतर पियानोच्या पाठीवर. नामांकित कंपन्यांच्या अनुक्रमांकांचे तक्ते मिळतात, त्यावरून साल काढता येते. झाकणावर किंवा चौकटीवर छापलेल्या सालावर मात्र विसंबू नका. ते बहुतेकदा कंपनीच्या स्थापनेचे, पेटंटचे किंवा प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचे असते. क्रमांक मिळालाच नाही तर पट्ट्या मोजा. 88 पट्ट्यांची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली, त्यामुळे 85 पट्ट्या दिसल्या तर वाद्य बरेच जुने असण्याची शक्यता मोठी. पांढऱ्या पट्टीच्या पृष्ठावर आडवी बारीक सांधरेषा असेल तर ते हस्तिदंत असू शकते. त्याने किंमत वाढत नाही. उलट हस्तिदंताच्या व्यापारावरील निर्बंधांमुळे विकताना अडचणच येते.

आता खरी परीक्षा. एकेक करून सगळ्या पट्ट्या वाजवा, घाई नको. मधल्या आणि वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात; त्या एकमेकींशी जुळलेल्या नसतील तर स्वर लहरतो. थोडेफार लहरणे ट्यूनिंगने जाते. पण पिना ज्या लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवलेल्या असतात, तो पिनब्लॉक तडकलेला किंवा सैल असेल तर आज जुळवलेला स्वर काही दिवसांत पुन्हा उतरतो. ती दुरुस्ती अनेकदा पियानोच्या किमतीपेक्षा महाग पडते. मी तरी असा पियानो फुकट मिळाला तरी घेणार नाही.

हॅमरच्या, म्हणजे तारेवर आघात करणाऱ्या हातोडीच्या, फेल्टवर (लोकरी आवरणावर) तारांच्या खोल खाचा, तारांवर गंज, कसरीने खाल्लेले फेल्ट, तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजला भेगा, हेही पाहा. साउंडबोर्डला, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीला, बारीक भेग आहे असे ऐकून घाबरू नका. खरखर होत नसेल तर ती चालते. बाहेरची लकाकी मात्र पॉलिशची असते, तिला फारसे गुण देऊ नका.

भाव ठरवताना त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे आणि साधारण त्याच वयाचे पियानो कितीला विकले गेले ते पाहा. मागितलेली किंमत वेगळी असते. पक्का व्यवहार करण्याआधी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या ट्यूनरला पैसे देऊन पियानो दाखवा. आणि उभ्या पियानोचेही वजन दोन-तीनशे किलो असते. तो हलवण्याचा आणि नव्या जागी स्थिरावल्यावर पुन्हा जुळवण्याचा खर्च तुमच्या बोलीतून वजा करा.