नव्या मुख्याधिकाऱ्यासाठी: हजेरी, शेरा आणि सभागृह

मुख्याधिकारी म्हणून पहिली नेमणूक बहुधा ‘क’ वर्ग नगरपरिषदेत नाहीतर नगरपंचायतीत मिळते. गाव 40,000 वस्तीच्या आतलं. हाताशी कार्यालयीन अधीक्षक, लेखापाल, एखादा कनिष्ठ अभियंता, स्वच्छता निरीक्षक, कर निरीक्षक. यातली एक-दोन पदं रिक्त असणार, असं धरूनच चालावं. प्रशिक्षणात 1965 चा नगरपरिषद अधिनियम शिकवतात आणि तो लागतोच. पण कार्यालयाला वळण लागतं ते साहेब सकाळी कुठे असतात आणि फाइलीवर काय लिहितात यावरून.

हजेरी शेड

सुरुवातीचे काही आठवडे सकाळी सहाच्या सुमारास हजेरी शेडवर, म्हणजे सफाई कामगार हजेरी लावतात तिथे, जा. रोज सगळं गाव फिरू नका, एका दिवशी एकच प्रभाग घ्या. मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) सह्या, समोर उभी असलेली माणसं आणि कामाचं वाटप, हे तिन्ही एकमेकांशी ताडून पाहा. सह्या 40 आणि रस्त्यावर माणसं 30 निघाली, तर उरलेले 10 कुठे आहेत हे मुकादमाला चारचौघांत विचारू नका. कोणी कार्यालयात शिपायाचं काम करत असतो, कोणी एखाद्याच्या बंगल्यावर असतो, कोणी आपल्या जागी परस्पर बदली माणूस धाडलेला असतो. ही सोय मुकादमाने केलेली नसते, त्याच्या वरच्यांनी केलेली असते. यादी करा आणि निरीक्षकामार्फत मूळ कामावर परत जाण्याचे लेखी आदेश काढा. त्यात पहिलं नाव तुमच्या स्वतःच्या दालनाबाहेर किंवा निवासस्थानी राबणाऱ्या सफाई कामगाराचं असू द्या. ते नाव वगळलं तर पुढचा एकही आदेश कोणी मनावर घेणार नाही.

ठेक्याच्या कामगारांचं दुखणं वेगळं. ठेकेदाराच्या देयकाला मागच्या महिन्याचं भविष्य निर्वाह निधीचं चलन आणि कामगारांच्या खात्यात पगार जमा झाल्याची बँकेची यादी जोडलेली नसेल, तर लेखापालाने ते पुढे सरकवू नये. चलन नुसतं असून भागत नाही. कित्येकदा चलन खरं असतं, पण त्यातली नावं त्याच ठेकेदाराच्या दुसऱ्या गावच्या कामावरची असतात. म्हणून मस्टर समोर ठेवून नावं जुळवा.

गमबूट आणि हातमोजे दरवर्षी खरेदी होतात आणि शेडच्या कोपऱ्यात पडून राहतात. कामगार ऐकत नाहीत, हे त्याचं ठरलेलं स्पष्टीकरण. खरेदी कोणत्या मापाची झाली ते पाहा. सगळे बूट एकाच मापाचे निघाले, तर बायकांनी ते घालावेत कसे? मागणीपत्रात मापांची यादी जोडली की हा प्रश्न सुटतो. शेडमध्ये बायकांसाठी शौचालय आणि कपडे बदलायला आडोसा आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

गटाराच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्याचा तोंडी आदेश कोणीही देणार नाही, हे पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने असं काम करवून घ्यायला बंदी आहे. अशा मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख रुपये केली.

शेरा

टिपणी, म्हणजे विषय मांडून निर्णय मागणारा कागद, लिपिकाकडून विभागप्रमुखाकडे, तिथून लेखापालाकडे आणि मग तुमच्याकडे येते. त्यावर दोन शेरे फार लोकप्रिय आहेत: ‘चर्चा करावी’ आणि ‘नियमानुसार कार्यवाही करावी’. पहिल्याने फाइल थांबते. लिपिक भेटायला येतो तेव्हा साहेब बैठकीत असतात, साहेब मोकळे असतात तेव्हा लिपिक वसुलीला गेलेला असतो. चर्चा खरंच हवी असेल तर शेऱ्यातच नाव आणि वार घाला. दुसरा शेरा जास्त घातक. नियम कोणता, हे त्यात नसतं. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की उत्तर लिपिकाने द्यायचं. साहेब आपल्या पाठीशी उभे राहणार नाहीत हे कर्मचाऱ्यांना आठवडाभरात उमगतं, आणि मग एकही टिपणी स्पष्ट अभिप्रायाने संपत नाही.

समजा अशी टिपणी आली: ‘मा. नगरसेवक यांच्या पत्रानुसार गटार दुरुस्ती करणे आवश्यक आहे. आदेशार्थ सादर.’ लांबी नाही, अंदाजपत्रक नाही, लेखाशीर्ष (खर्च कोणत्या सदरात टाकायचा ते) नाही, जागा कोणी पाहिली ते नाही. ती नुसती परत धाडू नका. लिहा: ‘कनिष्ठ अभियंता यांनी गुरुवारपर्यंत पाहणी करून लांबी व अंदाजपत्रक द्यावे. लेखापाल यांनी लेखाशीर्ष व शिल्लक तरतूद नमूद करावी. सोमवारी फेरसादर.’ असं महिनाभर केलंत की टिपण्या आपोआप भरून यायला लागतात.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. ‘टिपणी बदलून आणा’ असं म्हणू नका. अभिप्राय पटला नाही तर खाली कारण लिहून वेगळा निर्णय द्या, तो तुमचा अधिकार आहे. पान बदलायला लावलंत की खरं मत कागदावर येणं बंद होतं आणि कोणत्या नस्तीत (फाइलीत) काय दडलंय ते तुम्हालाच कळेनासं होतं. नस्तीच्या पानांना क्रमांक आहेत की नाहीत, हे रुजू झाल्याच्या दिवशीच तपासा.

व्हॉट्सॲपच्या गटावर आदेश देण्याची सवय मोडलेली बरी. फोटो पडला म्हणजे काम झालं, असा समज त्यातून रूढ होतो, आणि एकच कचराकुंडी तीन कोनांतून तीन दिवस फिरत राहते.

सभागृह

अनेक नगरपरिषदांनी डिसेंबर 2025 च्या निवडणुकांआधी बराच काळ प्रशासकाचा कारभार अनुभवला. तेव्हा ठराव एका सहीने होत. आता थेट निवडून आलेले नगराध्यक्ष आहेत आणि सभागृहही आहे. कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी अजून जुनी पद्धत आहे. त्यामुळे विषयपत्रिका उशिरा निघते. साधारण सभेला पूर्ण सात दिवसांची आणि विशेष सभेला तीन दिवसांची सूचना लागते, तेव्हा विभागांकडून विषय मागवायची तारीख त्याच्याही आधीची ठरवा. खर्चाचा विषय आयत्या वेळच्या विषयांत घुसू देऊ नका. इतिवृत्ताचा मसुदा दुसऱ्याच दिवशी तयार करा, कारण उशीर झाला की त्यात वाक्यं वाढतात. ठराव बेकायदेशीर वाटला तर वाद घालू नका, नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली तो स्थगित करण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.

नगरसेवकाने मुकादमाला परस्पर काम सांगितलं तर मुकादमाने ते तक्रार वहीत नोंदवावं आणि क्रमांक द्यावा. नकार देण्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका.

सूरतचं उदाहरण प्रशिक्षणात ऐकवतात. 1994 च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांनी शहराचे सहा झोन केले, झोनप्रमुखांना आर्थिक अधिकार दिले आणि अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर काढलं. सकाळच्या फेऱ्यांची नक्कल सगळे करतात, अधिकार सोपवण्याची फारसं कोणी नाही. आयुक्ताइतके अधिकार मुख्याधिकाऱ्याला नसतात हे खरं, तरी दिव्यांची किंवा जंतुनाशकाची किरकोळ खरेदी लेखी आदेशाने मर्यादा घालून विभागप्रमुखाकडे देता येते.

शेवटी निलंबन. नव्या अधिकाऱ्याला हे शस्त्र फार आवडतं आणि वर्तमानपत्रात बातमीही येते. पण निलंबित माणसाला घरबसल्या साधारण निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो, तीन महिन्यांनंतर तो वाढू शकतो, आणि त्याची जागा रिकामीच राहते. 90 दिवसांत दोषारोपपत्र बजावलं नाही तर निलंबन टिकवणं कठीण होतं. आणि ते लिहायला कार्यालयात बहुधा एकटे अधीक्षकच असतात. अपहार किंवा लाचेचं प्रकरण नसेल तर आधी ज्ञापन (लेखी समज) द्या, खुलासा मागवा आणि तो असमाधानकारक असेल तर वेतनवाढ रोखण्यासारखी किरकोळ शिक्षा द्या. सेवापुस्तकात नोंद झाली का, ते स्वतः उघडून पाहा.