या चुका टाळा : पदवीच्या अभ्यासातील आकृत्या

शाळेत ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ हा हमखास गुण मिळवून देणारा प्रश्न असतो आणि त्यातूनच आकृती म्हणजे उत्तराची सजावट, ही समजूत घट्ट होते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत तिचे परिणाम स्पष्ट दिसतात: गणित आधी सोडवलेले असते आणि आकृती मागाहून, उरलेल्या जागेत, पट्टीने आखून बसवलेली असते. आकृतीची खरी गरज गणित सुरू होण्यापूर्वीच असते.

इंजिनिअरिंग मेकॅनिक्समधील फ्री बॉडी डायग्रामचेच, म्हणजे एखाद्या वस्तूवर लागणारी सर्व बले बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीचेच पाहा. ३० अंशांच्या गुळगुळीत उतारावर ५ किलोग्रॅमचा ठोकळा ठेवला आहे. त्याचे वजन ४९ न्यूटन, म्हणून विद्यार्थी खाली जाणारा एक बाण काढतो. मग त्याच वजनाचे उताराला समांतर आणि लंब असे दोन घटक काढतो, पण मूळ बाण खोडत नाही. समीकरण मांडताना वजनाचा उतारावरील २४.५ न्यूटनचा परिणाम दोनदा मोजला जातो आणि त्वरण ४.९ ऐवजी ९.८ येते, म्हणजे उतारावरचा ठोकळा कड्यावरून सोडलेल्या दगडाच्या वेगाने खाली येऊ लागतो. उत्तर हाती आल्यावरही यातली गंमत फार थोड्यांच्या लक्षात येते. घटक काढायचेच असतील तर ते तुटक रेषेने काढावेत किंवा त्यांच्यासाठी शेजारी वेगळी आकृती काढावी.

याच प्रकरणातील दुसरी चूक अधिक चिवट आहे. वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्याच्यावर वरच्या दिशेचा एक बाण काढला जातो. प्रत्येक बाणाला ‘हे बल कोण लावत आहे?’ असे विचारण्याची सवय लावून घेतली, तर असे बाण आपोआप गळतात. हात केव्हाच सुटलेला असतो आणि हवेचा विरोध सोडला तर पृथ्वीखेरीज त्या चेंडूला ओढणारे कोणीही उरलेले नसते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा घोळ वेगळा असतो. अवकाळी पावसाने कांद्याचे पीक गेले आणि लासलगावच्या बाजारात आवक घटली, तर पुरवठ्याचा वक्र (कोणत्या भावाला किती माल विक्रीला येतो हे दाखवणारी रेषा) डावीकडे सरकतो आणि भाव चढतो. लोक कांदा कमी घेऊ लागतात हे खरे, पण ती त्याच मागणी वक्रावरील हालचाल असते. अनेक जण मागणीचा वक्रही डावीकडे ढकलतात आणि मग भाव चढला की उतरला, हे आकृतीवरून सांगताच येत नाही. यावर उपाय म्हणजे कोणताही वक्र हलवण्यापूर्वी कारण एका ओळीत लिहावे. ते कारण कांद्याचा भाव हेच असेल, तर वक्र जागचा हलवू नये.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये उसनवारी नडते. आपल्याकडे प्रथम कोन पद्धतीनुसार वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते, तर अमेरिकेत रूढ असलेल्या तृतीय कोन पद्धतीत ते वर असते. परदेशी व्हिडिओ पाहून काढलेली शीट त्यामुळे कितीही देखणी असली तरी चुकीची ठरते.

पुस्तकातील आकृती हुबेहूब उतरवून काढणे हाही मला बराचसा वाया गेलेला वेळ वाटतो. पुस्तक मिटून आठवणीतून आकृती काढावी, मग पुस्तक उघडून राहून गेलेले भाग लाल पेनाने भरावेत. परीक्षेच्या आदल्या रात्री ती लाल शाई तेवढी पाहिली तरी पुरते.

आकृती इतरांसाठी असते तेव्हा तपशील आणखी काटेकोर लागतात. जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, एकत्र लागणारी माहिती आकृतीत एकाच ठिकाणी सापडते आणि शोधाशोध वाचते, हे आकृतीच्या उपयुक्ततेचे मोठे कारण आहे. भागांना अ, ब, क अशी अक्षरे देऊन नावांची यादी पुढच्या पानावर टाकली की हाच फायदा आपण घालवून बसतो. प्रकल्प अहवालातील फ्लोचार्टमध्ये निर्णयाच्या चौकटीतून दोन बाण निघतात, पण ‘हो’ कोणता आणि ‘नाही’ कोणता हे लिहायचे राहून जाते. लाल आणि हिरव्या रेषांनी फरक दाखवलेला अहवाल काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये परीक्षकांपुढे जातो, तेव्हा दोन्ही रेषा सारख्याच करड्या दिसतात. म्हणून एक रेषा सलग आणि दुसरी तुटक ठेवावी व बाइंडिंगला देण्यापूर्वी एका पानाची झेरॉक्स काढून पाहावी.