गिटारचा सुरुवातीचा सराव: कॉर्डपेक्षा कॉर्डबदलाकडे लक्ष द्या

गिटार शिकू लागलेल्या बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांत ई मायनर, ए मायनर, सी, जी आणि डी या कॉर्ड (एकत्र छेडायचे स्वरांचे गट) पाठ होतात, आणि तरीही गाणे वाजवायला घेतले की प्रत्येक कॉर्डपाशी ठेका तुटतो. कॉर्ड धरता येते. एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्याचा सराव मात्र कोणी मुद्दाम केलेला नसतो. म्हणून रोजच्या वेळेतला निम्म्याहून अधिक भाग या बदलासाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळ थोडा असला तरी चालेल, कारण रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोजची 20 मिनिटे अधिक उपयोगी पडतात, आणि बोटांच्या टोकांची कातडी घट्ट होऊन दुखणे थांबण्यासाठीही रोजच वाजवावे लागते.

बसल्यावर आधी तारा जुळवून घ्याव्यात. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंतचे स्वर ई, ए, डी, जी, बी, ई असे असतात आणि त्यासाठी मोबाइलमधला ट्यूनर पुरेसा असतो. तार अपेक्षित सुराच्या वर गेली, तर ती सुराच्या थोडी खाली उतरवून पुन्हा वर चढवत आणावी. तसे केल्याने खुंटीत ढिलेपणा राहत नाही आणि सूर टिकतो.

गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना आणि त्यांच्यामधल्या घरांनाही फ्रेट म्हणतात. डाव्या हाताचे बोट दोन पट्ट्यांच्या मधोमध न ठेवता गिटारच्या पोटाकडच्या पट्टीला जवळजवळ चिकटून ठेवावे, कारण तिथे कमी दाबातही स्वर स्वच्छ निघतो. कॉर्ड धरल्यावर एकेक तार सुटी छेडून ऐकावी. एखादी तार खरखरत असेल तर बहुधा बोट फ्रेटपासून दूर गेलेले असते, आणि तार अजिबात बोलत नसेल तर शेजारचे बोट आडवे होऊन तिला टेकलेले असते. नवशिके दोन्ही वेळा नुसता जोर वाढवतात, त्याने मनगट तेवढे दुखते.

आता बदलाकडे वळू. दोन कॉर्डची एकच जोडी घ्यावी आणि कोणते बोट जागचे हलवावे लागत नाही ते आधी पाहावे. ए मायनरवरून सी वर जाताना तर्जनी आणि मधले बोट आहे तिथेच राहते, फक्त अनामिका जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. ई मेजर आणि ए मायनर यांत बोटांची मांडणी तीच असून ती संपूर्ण एक तार सरकते. अशा सोप्या जोड्या आधी पक्क्या कराव्यात आणि जी ते सी यांसारखी जोडी, जिच्यात तिन्ही बोटे हलतात, नंतर घ्यावी. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारे साधन) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून चार ठोक्यांत एकदा कॉर्ड बदलावी: पहिल्या ठोक्याला छेडायचे, उरलेल्या तीन ठोक्यांत बोटे पुढच्या जागी न्यायची. सलग काही मिनिटे चूक झाली नाही तरच वेग 5 ने वाढवावा.

या सरावात एक नियम कटाक्षाने पाळावा: डावा हात पोहोचला नसला तरी उजवा हात थांबता कामा नये. मोकळ्या तारा वाजल्या तर वाजू द्याव्यात. आठ मात्रांच्या केरव्यात विषम मात्रांना हात खाली आणि सम मात्रांना वर जातो; ज्या मात्रेला आघात नको, तिथेही हात फिरतोच, फक्त तारांना लागत नाही. सहा मात्रांच्या दादऱ्यात तीन-तीनचे दोन भाग करून प्रत्येक भागाच्या पहिल्या मात्रेला जाड तार आणि पुढच्या दोन मात्रांना बारीक तारा हलकेच छेडाव्यात. भावगीतांची आणि चित्रपटगीतांची साथ एवढ्यावर बरीच पुढे जाते.

गाणाऱ्याने 'काळी एक' (पेटीवरची पहिली काळी पट्टी, तिथे त्याचा 'सा') सांगितली की नवशिका गोंधळतो, पण त्यासाठी नव्या कॉर्ड शिकण्याची गरज नाही. कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावून सी च्या पट्टीतल्या कॉर्ड वाजवल्या की काळी एक मिळते, आणि तिसऱ्या फ्रेटवर लावून डी च्या पट्टीत वाजवल्यास पांढरी चार मिळते. कॅपो वापरणे कमीपणाचे आहे ही समजूत निराधार आहे.

एफ ची बार कॉर्ड (जिच्यात तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा दाबायच्या असतात) मात्र घाईने हातात घेऊ नये. पहिल्या फ्रेटपाशी तारा सर्वांत ताठ लागतात, म्हणून तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर बसवावा आणि मग एकेक फ्रेट खाली आणावा. बरेच आठवडे उलटूनही पाचव्या फ्रेटवर सहज जमणारी कॉर्ड पहिल्या फ्रेटवर जमत नसेल, तर कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून तोच आकार दुसऱ्या फ्रेटवर धरून पाहावा. तिथे तो लगेच सोपा वाटला, तर दोष बहुधा हाताचा नसून मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचा उथळ असण्याचा असतो, आणि त्या जाणकार कारागिराकडून खोल करून घेता येतात.