देशी माशांची टाकी घरी लावताय? या चुका टाळा

‘इथलाच मासा, काटक असतो, कसाही राहील.’ ठाण्या-नवी मुंबईतल्या देशी माशांच्या बऱ्याच टाक्या या एका समजुतीपायी पंधरा दिवसांत रिकाम्या होतात. ओढ्यातला टिक्टो बार्ब मे महिन्यात आटत्या डबक्यातही तग धरतो, हे खरं. पण त्या डबक्यात क्लोरीन नसतं, आणि माशांची घाण पचवणारे जिवाणू तळाच्या गाळात आधीपासून वस्तीला असतात. नव्या काचेच्या टाकीत ते नसतात.

मासे वर येऊन तोंड उघडतायत

लगेच औषध टाकू नका. आधी वेळ बघा.

पाणी बदलल्यावर तासाभरात सगळेच मासे वर आले, तर कारण क्लोरीन. सोसायटीच्या फलकावर ‘टाकी सफाई’ची सूचना लागली की पुढचे दोन दिवस पाणी बदलूच नका, ब्लीचिंग पावडरचा अंश नळातून येत राहतो. एरवी हायपोचे (क्लोरीन घालवणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे) खडे अंदाजाने टाकू नका. 10 ग्रॅम हायपो 100 मिली पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा आणि 20 लिटरच्या बादलीला त्यातलं 2 मिली घाला. पाण्याला वास येत असेल तर 4 मिली. ढवळा, आणि मगच ते पाणी टाकीत ओता. एका वेळी चौथा हिस्सा पाणी बदललं की पुरे.

टाकी लावून आठवडा-दहा दिवस झालेत, कल्ले लालसर दिसतायत, मासे मलूल आहेत? मग माशांच्या घाणीतून तयार होणारं विषारी अमोनिया किंवा नायट्राइट वाढलंय. टेस्ट किटने मोजा. दोन्ही शून्यावर येईपर्यंत खाणं जवळजवळ बंद ठेवा आणि रोज चौथा हिस्सा पाणी बदला. खरं तर ही वेळच येऊ नये: मासे आणण्याआधी नुसत्या पाण्याने भरलेल्या टाकीत फिल्टर चार ते सहा आठवडे चालवावा, जिवाणू वाढावेत म्हणून रोज चिमूटभर खाणं टाकावं. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, चालू टाकीतला फिल्टरचा वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

आणि मासे फक्त पहाटे वर येतायत, तेही उन्हाळ्यात? तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि रात्री वनस्पतीही तो वापरतात. एअर पंप रात्रभर चालू ठेवा. पंख्याच्या वाऱ्याने पाणी थोडं गार होतं, पण आपल्या दमट हवेत त्यावर फार विसंबू नका. हीटर मात्र लागतच नाही.

स्पंज नळाखाली धुणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. जिवाणूंची वस्ती त्या तपकिरी, बुळबुळीत स्पंजमध्येच असते आणि नळाच्या क्लोरीनने ती मरते. टाकीतून काढलेल्या पाण्यात, बादलीतच दोन-तीनदा पिळा. पाणी गढूळ झालं की थांबा. स्पंज नव्यासारखा पिवळा दिसला पाहिजे, हा हट्ट सोडा.

चुकीचा मासा

पावसाळ्यात शेताच्या कडेला दिसणारी लालसर पिल्लं मरळाची असू शकतात. ती मोठी होऊन टाकीतलं बाकी सगळं गिळतात. शिंगटी रात्री छोटे मासे खाते. निवटी खाडीच्या चिखलातली, तिला गोड्या पाण्याच्या टाकीत आणूच नये. सह्याद्रीतली झेब्रा लोच दिसायला देखणी, पण धोक्यात आलेली जात आहे. रानातून पकडलेली विकत घेऊ नका. ठाण्यातलं येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून मासे धरणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

2 × 1 × 1.25 फुटांच्या टाकीत साधारण 60 लिटर पाणी राहतं. त्यात 8 टिक्टो बार्ब आणि तळाला 4 छोट्या देशी लोच, एवढंच. टिक्टो दोन-तीनच ठेवले तर एकमेकांचे पर कुरतडतात. मलबार दानिओला पोहायला निदान 3 फूट लांबी हवी, आणि तो उडी मारतो. झाकणात हवेच्या नळीसाठी ठेवलेली फटसुद्धा त्याला पुरते. तिथे स्पंजचा तुकडा घट्ट बसवा.

वाळू आणि दगड

खाडीच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात, त्यांनी पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं होतं. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर ती वापरू नका. काळा दगड चालतो, पण त्यात पांढऱ्या शिरा असतील तर त्यांच्यावरही व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. रस्त्यावर पडलेलं वाळकं बदामाचं पान धुऊन, 50 लिटरला एक, टाकता येतं. पाणी चहासारखं होईल. ते खराब झालेलं नाही, बदलू नका. दुधासारखं पांढरट झालं तर मात्र खाणं जास्त पडतंय: दोन दिवस खाणं थांबवा, टाकी रिकामी करू नका.

मासे जास्त झाले तर

ठाण्यातल्या उपवन किंवा मासुंदा तलावात सोडू नका. मासा ओढ्यातून आणलेला असला तरी आता त्याच्यासोबत दुकानातल्या माशांचे रोग जाऊ शकतात. दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या टाकीवाल्याला.